आधी खड्डा, मग खिडकी

पत्र असं आलं आहे, थोडं कापून देतो:

"भाऊ, नमस्कार. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, गावाचं नाव टाकू नका कारण इथं सगळेच वाचतात. आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कवेलू, मागं सांदवाडी. बाजूला एक रिटायर गुरुजी राहतात, आमच्या यांना चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. त्यांचं पण असंच जुनं घर होतं, होळी झाल्यावर पाडलं आणि आता वर दोन मजले काढून राहिले, मुलगा पुण्याला कंपनीत आहे तो पैसे पाठवते. कॉलमचे सहा खड्डे आमच्या भिंतीला लागून जेसीबीनं एका दिवसात खोदले आणि पंधरा दिवसांपासून ठेकेदार गायब आहे. आमच्या भिंतीला तडा गेला, बोट जाईल एवढा. सासूबाईंची खाट त्याच भिंतीशी असते. मी बोलायला गेली तर गुरुजी म्हणाले तुमची भिंतच दीड फूट आमच्या जागेत आहे. त्यात वरच्या मजल्यावर आमच्या आंगनाकडं तीन खिडक्या काढणार आहेत, आमची न्हाणी आंगनातच, मोठी पोरगी दहावीत. हे ट्रकवर असतात, फोनवर म्हणतात पोलिसात जा. दीर म्हणतात नगरपंचायतीत अर्ज टाक. सासूबाई म्हणतात मास्तरच्या दारात पाय ठेवायचा नाही, आपणही पाडू अन् घरकुल बांधू. मला त्या खिडक्यांचंच जास्त वाटून राहिलं. काय करू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. खिडक्यांवर तुम्ही जवळपास पानभर लिहिलं होतं, ते मी वर कापलं, माफ करा. तड्यावर मात्र एकच ओळ, अन् दुसऱ्यांदा वाचताना मी तिथंच अडकलो. बोट जाईल एवढा तडा, भिंत मातीची, पायाशी सहा खड्डे उघडे, आणि इकडं नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागून राहिला म्हणजे मृगाला किती दिवस उरले ते तुम्हीच बोटावर मोजा.

तर हे वाचून फोन खाली ठेवला की पहिलं काम, सासूबाईंची खाट तिथून हलवा. आजच्या आज. वसरीत टाका, आंगनात टाका, उन्हाळ्यात आपल्याकडं तसंही अर्धं गाव बाहेरच झोपते. पोरीचं अभ्यासाचं टेबल त्या बाजूला असेल तर तेही काढा, आणि रात्रीच्या वेळी त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, पाहुणा आला तरी नाही.

मी बांधकाम खात्यात ३१ वर्षं ओव्हरसियर होतो म्हणून हे खड्ड्याचं प्रकरण मला जरा जास्त कळते, आणि दुसरं कारण म्हणजे हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. माझं घर बांधलं तेव्हा मे महिना होता, जेसीबीवाल्याला म्हटलं आलाच आहेस तर सगळे खड्डे मारून जा, पुन्हा पुन्हा भाडं कोण देईल. लोकांना शिकवणारा माणूस मी, स्वतःच्या खिशाची वेळ आली तेव्हा विसरलो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री दोन वाजता बाजूच्या काकांच्या न्हाणीची भिंत माझ्या खड्ड्यात. नशीब की आत कोणी नव्हतं. विटा, पत्रे, गवंडी सगळं मीच दिलं पण काका पाच वर्षं बोलले नाहीत, पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर घेतली आणि वाळत टाकलेल्या कुरड्यांच्या कापडावर वजन म्हणून ठेवली, माझ्या समोरच. म्हणून गुरुजींना मी वाईट म्हणायला तयार नाही, खड्डे मारायच्या दिवशी जो तो जेसीबीचं भाडं मोजत असते.

आता होते काय ते समजून घ्या म्हणजे बोलताना तुम्हाला नीट सांगता येईल. जुन्या मातीच्या भिंतीला पाया म्हणून खाली गोट्याचे दोन-चार थर असतात, बस. ती उभी राहते स्वतःच्या वजनावर अन् दोन्ही बाजूच्या दाबून बसलेल्या मातीच्या भरवशावर. एका बाजूची माती पाच-सहा फूट खोल काढून टाकली की तिचा पाय मोकळा होतो आणि ती हळूहळू खड्ड्याकडं वाकते, तडा पहिले वरून रुंद दिसते आणि खाली बारीक होत जाते. तुमचा तसाच आहे का पाहा. त्यात आपली गावची पांढरी म्हणा, पण थोडं खाली गेलं की बहुतेक ठिकाणी काळीच लागते, आणि काळी माती पाणी प्याली की फुगते अन् वाळली की आकसते, उन्हाळ्यात वावरात ज्या भेगा पडतात तेच काम ती घराखाली करते. उघड्या खड्ड्यात दोन फूट पाणी साचलं तर ते पाणी आडवं तुमच्या भिंतीखाली जाणार, आणि मातीच्या भिंतीचा जीव कोरडेपणात असते, पाय ओला झाला की तिच्यात काही उरत नाही.

खोदायची पद्धत अशी आहे की भिंतीशेजारचे खड्डे एक सोडून एक घ्यायचे. पहिले, तिसरे, पाचवे खोदले, मुरूम लागला, फुटिंग म्हणजे कॉलमचा काँक्रीटचा पाया भरला, कॉलम जोत्याच्या वर आणला, बाजूनं माती थराथरानं कुटून भरली, आणि मग दुसरा, चौथा, सहावा. हे कोणत्याही जुन्या मिस्त्रीला माहीत असते, त्याला वेळ अन् जेसीबीची दुसरी फेरी लागते म्हणून कोणी करत नाही. आता खोदून झालेलं आहे तर उलटं करता येते, सहातले तीन परत भरून कुटून घ्या आणि उरलेल्या तीनचं काम आधी उरका. तोवर खड्ड्यांभोवती मातीचा वीतभर बांध घाला, वरून ताडपत्री. आणि टेकू. बल्ल्या तिरप्या लावायच्या, भिंतीला आडवी फळी ठेवून, पण भिंत खड्ड्याच्या बाजूला वाकते म्हणजे टेकू गुरुजींच्या जागेतून लागतील, तुमच्या घरातून नाही. हे लक्षात घ्या ताई, कारण सासूबाई म्हणतात तसं त्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही म्हटलं तर भिंतीला टेकू लागतच नाही.

तुमच्या बाजूनं करण्यासारखं एक आहे. त्या भिंतीवर मयाल, म्हणजे छपराची मोठी तुळई, टेकली असेल तर आतून मयालीखाली दोन बल्ल्या उभ्या करून घ्या, सेंट्रिंगवाल्याकडं भाड्यानं मिळतात, लोखंडी जॅक मिळाले तर अजून चांगलं. म्हणजे उद्या भिंत गेलीच तर छप्पर सोबत येत नाही. त्या खणावरचे कवेलू उतरवून ठेवले तर भिंतीवरचं वजनही कमी होईल, फक्त चढवायला हलका पोरगा चढवा अन् भिंतीवर पाय देऊ देऊ नका. तड्यात सिमेंट भरू नका, दीर भरायला निघतील, त्यांना थांबवा. सिमेंट मातीला धरत नाही, पापुद्रा होऊन पडते आणि मुख्य म्हणजे तडा वाढून राहिला की थांबला ते झाकून जाते. सगळं स्थिर झाल्यावर माती-कुटार कालवून भरता येईल.

तडा वाढतो की नाही हे मोजायचं काम पोरीला द्या, दहावीची आहे, तिच्याजवळ स्केल असेलच. तड्याच्या दोन्ही बाजूला पेन्सिलनं फुली, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये, बाजूला तारीख, रोज संध्याकाळी एक फोटो, स्केल फोटोत दिसली पाहिजे. फ्रेमवाल्याकडून काचेची बोटभर रुंद पट्टी आणून तड्यावर आडवी ठेवा, दोन्ही टोकं चिकटवून टाका. काच तडकली तर भिंत अजून हलून राहिली, नाही तडकली तर श्वास घ्यायला थोडा वेळ आहे. हेच फोटो पुढं कुठंही गेलं तरी कामी येतील.

आता दीड फुटाचं. हे वाचून मी हसलो, तुम्हाला राग येईल पण कारण ऐका. जुन्या मातीच्या भिंतीची जाडीच दीड-दोन फूट असते. म्हणजे गुरुजी जे दीड फूट म्हणून राहिले ते बहुतेक ती भिंतच आहे, ना कमी ना जास्त. तर एक काम करा, खड्ड्याच्या बाजूनं जाऊन त्या भिंतीकडं नीट पाहा. त्यांचं जुनं घर पाडलं ना, मग त्यांच्या मयालीची, खांडांची टोकं तुमच्या भिंतीत शिरलेली असतील तर तिथं चौकोनी भोकं दिसतील, आत धुराचा काळा रंग, कुठं लाकडाचा तुकडा राहिला असेल. भोकं असतील तर दोन्ही छपरं एकाच भिंतीवर होती, म्हणजे ती सामाईक मानायला मोठा आधार आहे आणि मग ती एकट्या तुमचीही नाही अन् एकट्या त्यांचीही नाही. भोकं नसतील आणि भिंतीच्या बाहेर खाली पागोळ्या पडून जमिनीत लांब खड्डा पडलेला असेल तर ती तुमच्या वळचणीची जागा, तुमच्या कवेलूचं पाणी तिथं पडत आलं. जे असेल त्याचे फोटो काढा, आत्ताच, कारण प्लास्टर झालं की हा पुरावा कायमचा गेला. शंभर कागदांपेक्षा मला असली भोकं जास्त खरी वाटतात, हे माझं मत, कोर्टाचं नाही.

कागदाचं म्हणाल तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात मोजणीचा अर्ज टाका. तुमच्या वस्तीचा सिटी सर्व्हे झालेला असेल तर आखीव पत्रिकेची नक्कल काढा, नझूलची म्हणजे सरकारी मालकीची जागा असेल तर शीट नंबर आणि प्लॉट नंबर लागेल, काहीच नसेल तर ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ शोधा, तिथं घराची लांबी-रुंदी लिहिलेली असते. घरटॅक्सची पावती मालकीचा पुरावा होत नाही, ना तुमची ना गुरुजींची, ती नाचवत बसू नका. मोजणीची साधी आणि द्रुतगती अशी फी असते, घाईची भरा आणि गुरुजींना म्हणा अर्धी अर्धी. मोजणीआधी लगतच्या लोकांना नोटीस येते, मोजणीच्या दिवशी मिस्टरांनी ट्रक उभा करून घरी राहावं, फोनवरून मोजणी होत नाही. जबाबावर सही वाचून करा आणि नंतर मोजणीच्या नकाशाची नक्कल, तिला क प्रत म्हणतात, मागून घ्या. ती हातात येईपर्यंत दीड फूट हा शब्द दोघांनीही काढायचा नाही.

आणि मोजणीत समजा खरंच भिंत त्यांच्या जागेत निघाली, तरी साठ वर्षांची भिंत खालून खोदून पाडायचा अधिकार त्यातून मिळत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. १८८२ चा ईझमेंट कायदा आहे, वहिवाटीच्या हक्कांचा, त्याच्या कलम १५ मध्ये उजेड आणि हवेसोबत आधाराचा पण उल्लेख आहे, म्हणजे तुमच्या घराला शेजारच्या जमिनीचा आधार २० वर्षं बिनतक्रार मिळत आला असेल तर तो तुमचा हक्क होऊन जाते. लोक उजेडासाठी हा कायदा ऐकून असतात, आधाराचं कोणी सांगत नाही. तुमच्या केसमध्ये तो बसते की नाही हे वकिलाला दाखवा, आणि वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, १९८७ च्या कायद्यानं बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो.

मिस्टर म्हणतात पोलिसात जा. ट्रकच्या केबिनमधून सांगणं सोपं आहे, ठाण्यात उभं तुम्हाला राहायचं आहे. कलम आहे, नाही असं नाही, बांधकाम करताना किंवा पाडताना लोकांच्या जीवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं २९०, जुन्या आयपीसीत ते २८८ होतं. पण जमादार पहिलं वाक्य हेच म्हणेल की हे दिवाणी आहे, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद लिहून घेतो, आणि गुरुजींच्या घरी पोलीस गेला की संध्याकाळपर्यंत गावात वेगळीच गोष्ट पसरलेली असेल. गुरुजींनी टेकू लावायला साफ नाही म्हटलं तर जा, तोवर नको.

दिरांचं बरोबर आहे, नगरपंचायतीत अर्ज द्या, पण तो कसा लिहायचा ते माझ्याकडून ऐका कारण टेबलाच्या पलीकडं मी बसलेलो आहे. "आमचं घर जुनं झालं आहे, कधीही पडू शकते" असं एक अक्षर लिहू नका. असं लिहिलं की साहेब फाईल उलटी फिरवतात, धोकादायक घराची नोटीस तुम्हालाच निघते, घर खाली करा म्हणून, आणि गुरुजींचे खड्डे राहिले बाजूला. लिहायचं ते एवढंच, की अमुक तारखेला शेजारी जेसीबीनं भिंतीलगत सहा खड्डे खोदले, अमुक तारखेला भिंतीला तडा दिसला, फोटो जोडले आहेत, पावसाआधी खोदकाम सुरक्षित करून घ्यावं आणि जागेची पाहणी करावी. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, दोन प्रती, तुमच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख. बाबू म्हणेल ठेवून जा, नंतर शिक्का मारतो. थांबा तिथंच. सोबत माहिती अधिकारात मंजूर नकाशाची कॉपी मागा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. १५० चौरस मीटरच्या आतल्या छोट्या प्लॉटला २०२० च्या नव्या नियमांपासून मंजुरी सोपी झालेली आहे, पण तरी लायसन्सवाल्या इंजिनियरची सही त्या नकाशावर लागते. त्या इंजिनियरचं नाव कळलं की अर्धं काम झालं, त्याला फोटो पाठवा, सही त्याची आहे म्हटल्यावर तो ठेकेदाराच्या मागं तुमच्यापेक्षा जोरात लागेल.

ठेकेदार कुठं गेला असेल हे मी घरबसल्या सांगू शकतो. एकतर हप्ता अडकला असेल नाहीतर त्यानं एकाच वेळी चार ठिकाणी खड्डे मारून ठेवले असतील, काम हातातून जाऊ नये म्हणून, आपल्याकडं याला काम धरून ठेवणं म्हणतात. गुरुजींनी एक समजून घ्यावं की पावसाळ्यात नदीची रेती बंद असते, तेव्हा फुटिंग आत्ता नाही भरलं तर रेतीचा भाव काय होईल आणि ते खड्डे कदाचित दिवाळीपर्यंत तसेच राहतील, त्यांच्याच सळया गंजतील. म्हणून पुण्याच्या पोराला फोन लावायला सांगा, व्हिडिओ कॉल, तडा दाखवा त्याला. पैसा जिथून येऊन राहिला तिथं तो फोटो पोचला पाहिजे, गुरुजी बिचारे ठेकेदाराला काय बोलणार, त्यांनी आयुष्यभर चौथीची पोरं दटावली.

अजून एक, काम सुरू झाल्यावरचं. ४५ च्या उन्हात कॉलम भरले की तराई जोरात करावी लागते, कॉलमला बारदाना गुंडाळून दहा ते चौदा दिवस ओलं ठेवायचं, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, कोरड्या गरम हवेसाठी तसंच आहे. गुरुजींना हे आवर्जून सांगा, त्यांच्या घराच्या भल्याचं आहे. पण ते पाणी पाइप सोडून द्यायचं नाही, नाहीतर मृगाच्या आधीच तुमच्या भिंतीला पावसाळा लागला.

पाण्यावरून आठवलं, तुम्ही लिहिलं नाही पण पुढचं भांडण मला दिसून राहिलं. गुरुजी जोतं तीन फूट तरी उचलणार. उचलावंच लागते, कारण गावात दर पाच-सहा वर्षांनी जुन्या सिमेंट रोडवर नवा सिमेंट रोड टाकतात, खालचा खोदत नाही, आणि रोड चढत चढत लोकांच्या उंबरठ्याच्या वर गेला. माझ्या बहिणीच्या घरी पूर्वी दोन पायऱ्या चढून वसरीत जायचो, आता एक पायरी उतरून जातो, घर तेच आहे. तर रोड वर, गुरुजींचं जोतं वर, मधात तुमचं आंगन म्हणजे ताट. त्यांच्या गच्चीचं पाणी कुठं सोडणार ते आत्ताच विचारा, पाइप समोरच्या नालीपर्यंत न्यायचा, तुमच्या भिंतीच्या पायाशी सोडायचा नाही, आणि दोन घरांच्या मधल्या फटीवर वरून पत्र्याची पट्टी मारायची म्हणजे मधात पाणी जाणार नाही. ही पट्टी फार स्वस्त असते आणि नंतर कोणी मारत नाही. सज्जा पण पाहा, नकाशात सज्जा तुमच्या आंगनावर आलेला असेल तर तो हद्दीच्या बाहेर आहे, वर हवेत असला तरी.

आता खिडक्या, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलं. त्या अजून कागदावर आहेत, दोन मजले चढायला वर्ष जाईल. हद्दीला चिकटून भिंत घेतली तर तिच्यात शेजारच्या आंगनावर उघडणारी खिडकी सहसा मंजूर होत नाही, नकाशाची कॉपी आली की कळेल, आणि नसेल मंजूर तर अर्जात तेही लिहा. मंजूर असल्याच तर गुरुजींना म्हणा खिडकीची खालची कड त्या मजल्याच्या फरशीपासून सहा फुटांवर घ्या, हवा उजेड सगळं येते, दिसत काही नाही, किंवा धुरकट काच लावा. गुरुजींच्या घरच्या काकू स्वतः बाईमाणूस आहेत, हे त्यांच्याशी बोला, गुरुजींशी नको. पण ताई, तिन्ही खिडक्या बुजवल्या तरी वर गच्ची राहतेच, गच्चीवरून पाहायला खिडकी लागत नाही. तुमची न्हाणी वरून उघडी असेल, बहुतेक असेलच, तर तिच्यावर दोन टिनाचे पत्रे टाकून घ्या, मिस्टरांच्या पुढच्या चकरीत होऊन जाईल, पोरीला आजपासूनच बरं वाटेल.

आणि घरकुल. सासूबाई रागात बोलल्या असतील तर सोडून द्या, खरंच मनात असेल तर वर्क ऑर्डर हातात येईपर्यंत एक कवेलू हलवायचा नाही. शहरातल्या योजनेत केंद्र-राज्य मिळून अडीच लाख आहेत पण ते हप्त्यानं येतात, काम तेवढं झालं, फोटो गेला, मग पुढचा हप्ता, आणि जागेचा कागद साफ नसेल तर नावच लागत नाही, तुमच्या त्या दीड फुटासकट. घर पाडून हप्त्याची वाट पाहत दोन पावसाळे ताडपत्रीत काढलेली माणसं मी पाहिली, त्यात एक बाळंतीण होती. घर मातीचं आहे म्हणून कमीपणा वाटून राहिला असेल तर सासूबाईंना एकदा सेवाग्रामला नेऊन आणा, जवळच आहे, बापू कुटी पण माती-बांबू-कवेलूचीच, १९३६ च्या सुमाराची, अजून उभी आहे. फक्त तिच्या पायाशी कोणी जेसीबी लावला नाही.

राहिलं बोलायचं. उद्या दिवस कलल्यावर जा, जेवणाच्या आधी, दीर नको सोबत, चार लोक तर नकोच. सासूबाईंना न्या, त्या नाहीच म्हणतील, पण खाट हलवल्याचं निमित्त आहे, म्हणा मास्तरला स्वतःच्या तोंडानं सांगा कुठं झोपावं लागून राहिलं ते. दीड फूट काढला त्यांनी तर एवढंच म्हणा, "गुरुजी, भिंत कोणाची ते मोजणीवाला सांगेल, तोवर ती पडू नये एवढं दोघं मिळून पाहू, बल्ल्यांचं अर्धं भाडं आमचं." ठरलं तर ५०० च्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून ठेवा, खड्डे कधी भरणार, टेकू किती दिवस, भिंतीला काही झालं तर खर्च कोणाचा. मास्तर माणूस आहे, लिहायला हरकत घेणार नाही, अक्षरही त्यांचंच चांगलं असेल. पण हे सगळं बोलायच्या आधी त्यांना उठवा आणि तुमच्या घरात आणा. पत्रावरून मला वाटते त्यांनी तो तडा आतून पाहिलाच नाही, खड्ड्याच्या बाजूनं तर पोपडे आलेल्या गिलाव्यात तो दिसतही नसेल. बॅटरी पोरीच्या हातात द्या, अन् स्केल.